होडीच्या ट्रेलरचा डावा टायर फक्त आतून झिजतोय, मदत हवी आहे

मंडळी, देवबागला आमची १८ फुटी फायबर होडी आहे. पावसाळ्यात ती दोन चाकी ट्रेलरवर चढवून कुडाळजवळच्या शेडमध्ये नेतो. यंदा डावा टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत झालाय, बाहेरची नक्षी मात्र नव्यासारखी. उजवा एकदम ठीक.

हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा. त्यामुळे हवेचा प्रश्न वाटत नाही. रबरावरून आडवा हात फिरवला तर एका दिशेने करवतीसारखे दाते बोटांना लागतात, म्हणजे चाक तिरकं घासत चाललंय. जॅकवर उचलून हलवलं की थोडं खुळखुळतंही. चाकाच्या मधल्या हबमधलं, म्हणजे बेअरिंग बसतात तिथलं, ग्रीस दुधासारखं पांढरट निघालं, खारं पाणी आत गेलंय हे नक्की.

आता बेअरिंग आणि सील बदलून भागेल, की अ‍ॅक्सलच (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) वाकलाय? तो कमानपाट्याशी (स्प्रिंगच्या पट्ट्यांशी) आवळून धरणारे यू-बोल्ट गंजलेत, त्यामुळे अ‍ॅक्सल जागेवरून सरकला असेल का? अ‍ॅक्सल वाकलेला निघाला तर सरळ करून घेतलेला टिकतो का, की नवाच टाकावा? घाटात टायर फुटायची भीती वाटते. मालवण-कुडाळ भागात हे काम नीट करणारं गॅरेज माहीत असेल तर कृपया सांगा.