‘नेव्हलाइज्ड’ विमान मराठीत कसं लिहायचं?

तर्जुमा: दुसऱ्या महायुद्धावरचा लेख मराठीत आणतोय. ब्रिटिशांनी धावपट्टीवरची हरिकेन आणि स्पिटफायर विमानं विमानवाहू बोटींसाठी बदलून घेतली. त्यांची सी हरिकेन आणि सीफायर झाली. मूळ शब्द ‘नेव्हलाइज्ड’. मी ‘नौदलीकरण’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘नौदलाकडे हस्तांतरित’ केलं. हस्तांतर तर कागदावर होतं! इथे शेपटीकडे हूक बसवला, सांगाडा मजबूत केला.

गोदाकाठ: ‘आरमारी विमान’. आपला जुना शब्द असताना करण-बिरण कशाला?

दापोलीकर: आरमारही पोर्तुगीजांकडूनच आलंय. मला चालतं, पण मग हुकावरही राग नको. तसं हुकाला ‘गळ’ छान बसेल. विहिरीत कळशी पडली की आजी गळ सोडायची, तो चाचपडत कडीत अडकायचा. विमानाचा हूकही डेकवर आडव्या ताणलेल्या तारा असाच शोधतो.

गोदाकाठ: गळ म्हटलं की मासाच आठवतो. ‘आकडा’ म्हणा.

जुनी पानं: जून १९४०मध्ये नॉर्वेतून माघार घेताना ब्रिटिश हवाई दलाच्या ४६ स्क्वाड्रनची (तुकडीची) हरिकेन ‘ग्लोरियस’ या विमानवाहू बोटीवर उतरली, तेव्हा गळही नव्हता आणि आकडाही. ब्रेक दाबल्यावर विमान नाकावर पालथं होऊ नये म्हणून शेपटीत वाळूची पिशवी ठेवली होती. सगळी सुखरूप उतरली आणि ८ जूनला शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या जर्मन युद्धनौकांनी ग्लोरियसच बुडवली. वैमानिकांपैकी दोघेच वाचले. ही विमानं ‘आरमारी’ म्हणायची का? बोटीवर होती, पण बदललेली नव्हती. म्हणून शब्दात बदल दिसायलाच हवा.

तर्जुमा: हेच म्हणतोय मी.

मीठभाकर: ‘बोटीजोगी केलेली विमानं’. खाण्याजोगं, राहण्याजोगं, तसं बोटीजोगं.

जुनी पानं: शब्द गोड आहे, पण ‘जोगं’ म्हणजे लायक. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीत सालेर्नोच्या लढाईत सीफायर शत्रूपेक्षा डेकवर उतरतानाच जास्त मोडली. चाकं जवळजवळ, नाक लांब, त्यात वारा पडलेला आणि छोट्या वाहू बोटी संथ. बदल केले म्हणून ते विमान बोटीजोगं झालं असं कसं म्हणू?

मीठभाकर: मग ‘करण’ तरी कुठे पुरं झालं?

दापोलीकर: पंखांचं काय लिहिलंत? पहिल्या सीफायरचे पंख दुमडत नव्हते, तिसऱ्या आवृत्तीत ते हाताने दुमडता येऊ लागले.

तर्जुमा: ‘दुमडणारे पंख’.

दापोलीकर: ‘घडीचे पंख’! घडीची खुर्ची, घडीचा पलंग म्हणतोच ना आपण?

गोदाकाठ: पाखरू पंख मिटतं, त्याची घडी घालत नाही. ‘मिटते पंख’.

जुनी पानं: पाखराचा पंख मागे मिटतो. सीफायरचा वर उभा राहायचा आणि टोक पुन्हा बाहेर वळायचं. दोन ठिकाणी मोड. ही घडीच.

तर्जुमा: उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. ‘नौदलीकरण’ ठेवू का?

गोदाकाठ: घडी कापडाची होते हो, पत्र्याची नाही.

दापोलीकर: आमच्या दुकानाचं दार पत्र्याचंच होतं, चार घड्यांचं.