स्टेरॉइड सुरू करण्याआधी जंतांची तपासणी हवीच का?

खानापूरचा भातवाला:
काकांना सीएलएल आहे, सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. आता तांबड्या पेशी फुटायला लागल्यात, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करायचं ठरलंय. आधी जंत तपासा म्हटलं तर घरचे हसले. पण जन्मभर अनवाणी चिखलात रोप लावलेल्या माणसाची ही तपासणी झालीच पाहिजे. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत तळपायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यातच पिढ्या वाढवत ३० वर्षंसुद्धा मुक्काम ठोकतो. स्टेरॉइड मिळालं की अळ्या फुफ्फुसात, मेंदूत पसरतात, सोबत आतड्यातले जीवाणू रक्तात नेतात.

निपाणीची वहिनी:
भावजी, भीती कशाला घालताय? आमच्या ह्यांना सीएमएल, रक्ताच्या कर्करोगाचाच दुसरा प्रकार. त्यावरची इमॅटिनिबची गोळी चालू असताना जुलाब व्हायचेच. दर जुलाबाला शौचाच्या नमुन्याची डबी घेऊन पळायचं काय? रक्ताच्या तपासण्या आणि कोल्हापूरच्या फेऱ्या यातच जीव मेटाकुटीला येतो.

लॅबवाला, बेळगाव:
वहिनी, इमॅटिनिबमध्ये स्टेरॉइडएवढी धास्ती नाही, हे खरं. पण जुलाब गोळीचेच असं धरून चाललं की जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी तसाच राहतो. आणि एका नमुन्यावर ‘काही नाही’ म्हणू नका, अळ्या रोज पडत नाहीत. लोक सकाळी भरलेली डबी दुपारी आणतात, त्यात लघवी मिसळलेली. कपाळ सापडणार! इओसिनोफिलवरही (जंत असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) विसंबू नका. सीएमएलमध्ये ते मुळातच वाढलेले असतात, स्टेरॉइडनं उतरतात.

चिकोडीचा पाटील:
एवढी भानगड कशाला? शाळेत पोरांना देतात ती अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी चघळायला द्या की.

खानापूरचा भातवाला:
पाटील, या जंताला तो एक डोस पुरत नाही. आयव्हरमेक्टिन लागतं, किलोला २०० मायक्रोग्रॅम, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तर.

चिकोडीचा पाटील:
मग सरळ तेच द्या, तपासणीचे पैसे तरी वाचतील.

लॅबवाला, बेळगाव:
हे मात्र बरोबर बोललात. जिथं तपासणीची सोय नाही तिथं डॉक्टर तसं देतातही. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी त्यानं जात नाही, आणि त्याला स्लाइडवर वेगळा रंग लावावा लागतो. चिठ्ठीवर लिहिलं नसेल तर आम्ही तो बघतही नाही.

निपाणीची वहिनी:
क्लोरीननंही तो मरत नाही म्हणे. नळाला पाणी रोज येत नाही, आम्ही पिंपात साठवून वर औषध टाकतो. त्यापेक्षा मिनिटभर खळखळून उकळा. बाकी भावजी, माझा मुद्दा तसाच आहे. काकांचं हिमोग्लोबिन ६ वर आलं तर रिपोर्टची वाट बघत स्टेरॉइड अडवून धरणार काय?

खानापूरचा भातवाला:
अडवा असं कुठं म्हटलं? सकाळी नमुना, जंताविरुद्धच्या अँटीबॉडी तपासायला रक्त, दुपारी स्टेरॉइड. आयव्हरमेक्टिनचं त्याच भेटीत डॉक्टरांना विचारायचं.

निपाणीची वहिनी:
हे आधी लिहिलं असतं तर एवढी भांडले नसते.