मदत हवी आहे: डोम काच आणि मागूनही काच घेतली तर घड्याळ फार जाड होईल का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. ऑटोमॅटिक घड्याळ (सेल नसतो, हाताच्या हालचालीवर चालतं ते) ऑर्डर करायचंय आणि चार दिवस एकाच पानावर अडकलोय. घड्याळ तेच, 39 मिमीचं, पण वरची काच सपाट सॅफायर (सहज ओरखडे न पडणारी काच) नाहीतर डबल डोम, म्हणजे आतून-बाहेरून फुगीर सॅफायर, आणि मागचं झाकण एकतर पूर्ण स्टीलचं नाहीतर काचेचं, ज्यातून मशीन दिसतं. जाडी लिहिलीय 10.8 मिमी आणि खाली बारीक अक्षरात "काच सोडून". आता काच सोडून घड्याळ कोण घालतं हो?

मागच्या वर्षी ह्यातच फसलोय. ऑनलाइन एक घेतलं, लिहिलं होतं 10.5, घरी व्हर्निअर लावला (सांवेर रोडला वर्कशॉपात असतो, ओरखडा नको म्हणून मध्ये कागद धरला आणि त्याची जाडी वजा केली) तर 12.1! फुल शर्टाचं बटण लावलं की बाही घड्याळावर चढून बसायची, शेवटी भाच्याला देऊन टाकलं.

ह्या वेळी आधीच मेल टाकून विचारलं. सपाट काच 0.3 वर येते, डोम 1.4, आणि मागे काच असली तर झाकण 0.6 नं वाढतं म्हणाले. म्हणजे दोन्ही हौशी केल्या तर 12.8. मनगट माझं सव्वासहा इंच. पण मन डोमवरच आहे, कारण बाबांचं एचएमटी जनता, ती अ‍ॅक्रिलिकची फुगीर काच ते टूथपेस्टनं घासून चमकवायचे. काय सोडू? आतलं मशीन एनएच-35 मॉडेलचं आहे.

प्रतिसाद 1
मागची काच सोडा. काचेला स्वतःची जाडी लागते, शिवाय तिला धरणारी रिंग आणि सील, आणि मशीनला चावी देणारं फिरतं वजन, म्हणजे रोटर, त्याला ती लागता कामा नये. स्टीलचं झाकण पातळ करता येतं. आणि घातल्यावर मागचं बघणार कोण? डोमचं वेगळं आहे, तो मध्ये उंच असतो, कडेला उतार, त्यामुळे बाही वरून सरकते. सपाट काचेची कड वर आलेली असेल तर 0.3 ला पण अडकते.

प्रतिसाद 2
काच मागे आली की घड्याळ जाडच होतं असं नाही हां. ओमेगाचं सध्याचं स्पीडमास्टर बघा, हेसलाइट म्हणजे प्लास्टिकची काच आणि बंद झाकण असलेलं 13.6 च्या आसपास, आणि दोन्हीकडे सॅफायर असलेलं 13.2. मशीन दोन्हीत तेच. फुगवटा किती ठेवलाय त्यावर सगळं.
आणि काका, तुम्ही दशांशाचा हिशोब करताय पण खरी जाडी आत आहे. एनएच-35 एकटंच 5.32 मिमी, मियोटा 9015 हे दुसरं ऑटोमॅटिक मशीन असतं 3.9. सव्वा-दीड मिमी तिथेच गेला, म्हणजे तुमचा अख्खा डोम!
ऑर्डरआधी एक करा, जुनं एटीएम कार्ड कापा आणि तुकडे बाबांच्या घड्याळाखाली ठेवून बाही लावून बघा. एक कार्ड 0.76 मिमी.

धागाकर्ता
केलं. जनता काचेसकट 10 भरलं. दोन तुकड्यांपर्यंत बटण लागतं, तिसऱ्याला बाही वर चढते. म्हणजे माझी हद्द साडेअकरा, सपाट काच आणि स्टीलचं झाकण घेतलं तरच बसतंय, 11.1. डोम गेला 😔 बायको म्हणते बटण सरकवून देते, पण सगळ्या शर्टांची बटणं कोण सरकवत बसणार.
9015 वालं एक सापडलंय, डोमसकट 11.2 लिहिलंय, काच धरून आहे ना ते लेखी विचारलंय. फक्त इंदूरमध्ये 9015 ची सर्व्हिस कोण करतं? राजवाड्याजवळच्या घडीवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग फोनमधल्या फोटोकडे, आणि म्हणाले सेल बदलून देऊ.