पत्त्यांवर पोट भरायचं तर कॉलेज सोडायची घाई कशाला?

परळचा_पोर

विषय भांडणाचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी पैसे लावून पोकर खेळतो आणि स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सीही करतोय. आमच्या ग्रुपमधला एकजण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने अ‍ॅपवर बरे पैसे काढले होते. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशाचे खेळ असलेल्या अ‍ॅप्सनी गाशा गुंडाळला. आता हा म्हणतो, कॉलेज सोडतो, पणजीला खोली घेतो आणि मांडवीतल्या बोटींवर खेळून जगतो.

माझं मत: खेळायला हरकत नाही, कॉलेज सोडायला आहे. नैतिकता बाजूला ठेवा, नुसता आकडा बघा. 50-100 चं टेबल धरा, म्हणजे पत्ते बघण्याआधी लावायच्या दोन सक्तीच्या रकमा 50 आणि 100 रुपये; मोठीला बिग ब्लाइंड म्हणतात. चांगला खेळाडू शंभर डावांमागे 5 बिग ब्लाइंड कमावतो असं समजू. म्हणजे शंभर डावांना 500 रुपये. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. महिन्याला शंभर तास बसलात तर तीनेक हजार डाव, म्हणजे हातात 15,000. गोव्यात समोर कच्चे पर्यटक बसतात म्हणून दुप्पट धरा, 30,000. त्यातून खोलीभाडं, जेवण आणि अधूनमधून मुंबईची फेरी.

आणि ही झाली सरासरी. शंभर डावांमागे चढउतार साधारण 90 ब्लाइंडचा असतो. पहिल्या हिशोबाने दहा हजार डावांनंतर नफा अपेक्षित आहे 50,000 आणि हा चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, येतो 90,000. दहा हजार डाव म्हणजे तीन महिन्यांहून जास्त बैठक. एवढं खेळून, बरोबर खेळूनसुद्धा तोट्यात असण्याची शक्यता दहात तीनच्या आसपास. घरमालक हे ऐकून घेत नाही.

त्यामुळे माझी पद्धत अशी: बँकरोलचं, म्हणजे खेळायच्या पैशाचं, खातं वेगळं, घरखर्चाचं वेगळं. टेबलावर जिंकलेलं त्याच रात्री खर्च करायचं नाही. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस पत्त्यांना हात नाही. डिग्री हातात असली की वाईट महिना हा फक्त वाईट महिना राहतो. बोला.

निवांत_नाना

आकडे छान मांडलेस बाळा. आमच्या गिरणगावात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, तेव्हाही लोक वहीत हिशोब ठेवायचे. पुढे मटका आला तरी वह्या होत्याच. ओपनला काय आलं, क्लोजला काय येणार, सगळा अभ्यास! पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर वसुलीला पठाण सावकार आधी उभा आणि बायको नंतर. जुगाराला इंग्रजी नाव दिलं की तो करिअर होत नाही. गणपतीत जागरणाला पत्ते खेळा, कोण नको म्हणतं?

परळचा_पोर

नाना, मटक्यात मडक्यातून काय निघणार यावर खेळणाऱ्याचा काही ताबा नव्हता. पोकरमध्ये दोन एक्के हातात येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. बाकी 220 डावांत काय करायचं हाच तर खेळ. बरेचसे डाव पत्ते न दाखवताच संपतात, समोरचा टाकून मोकळा होतो. नशीब आहेच, पण ते एका रात्रीपुरतं. आणि पक्क्या नोकरीचं म्हणाल तर ते परळमध्ये नका सांगू. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख लोकांची नोकरी पक्कीच होती.

निवांत_नाना

संपात माझे वडील होते. त्यांनी नोकरी डावावर लावली नव्हती, हक्क मागितला होता. दोन्ही एका पारड्यात घालू नकोस.

हिशोबनीस

तत्त्वज्ञान चालू द्या, मी कराचं बोलतो. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के कर, वर सेस. तुमचं उत्पन्न कमी आहे म्हणून सूट नाही. खर्च वजा नाही: गोव्याचं तिकीट, खोली, जेवण, काही नाही. सगळ्यात मोठी मेख म्हणजे हरलेली रक्कमसुद्धा वजा होत नाही. एका रात्री 2 लाख जिंकलात आणि पुढच्या आठवड्यात 1 लाख 80 हजार घालवलेत, तर खिशात उरले 20,000 आणि कायद्याने कर लागतो 2 लाखांवर. सेससकट 62,400. एप्रिल 2023 पासून ऑनलाइनला निदान वर्षाची निव्वळ रक्कम धरायचे. ती सोयही आता गेली. परळचा_पोर यांच्या 15,000 च्या गणितात हे कुठेच नाही.

आता कोणी म्हणेल, रोखीत खेळतो, कोणाला कळतंय. ठीक आहे. मग चार वर्षांनी डोंबिवलीत वन बीएचके घ्यायला बँकेत जा आणि तीन वर्षांची रिटर्न्स काय दाखवणार ते सांग.

गोवा परवडत नाही म्हणून मुंबईतच कोणाच्या फ्लॅटवर बसणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून जिवंत आहे. आपल्याकडे कॅसिनोचा कायदा 1976 साली केला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्दही केला. निव्वळ कौशल्याच्या खेळाला 1887 च्या कायद्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतो की नाही यावर वकिलांचीच जुंपते. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगारच ठरवलं होतं. त्यात घरवाला दर डावातून रेक, म्हणजे स्वतःचा वाटा, कापत असेल तर त्याने अड्डाच उघडला, असं म्हणायला पोलीस मोकळे. पहाटे तीनला दार वाजल्यावर स्टॅटिस्टिक्स समजावून बघा.

रिव्हरराणी

मी दुसऱ्या बाजूने विरोध करते. परळचा_पोर, तुझी पोस्ट वाचून वाटतं तू पोकरवर जगतोस. तू आईवडिलांवर जगतोस. भाडं नाही, डबा घरचा, लाइटबिल बाबा भरतात. तुझ्या त्या 15,000 वर कोणाचं पोट नाही, म्हणून तुला परीक्षेआधी पंधरा दिवस पत्ते ठेवून देता येतात. ज्याचं घर यावर चालतं त्याला नाही ठेवता येत.

आणि अभ्यास म्हणजे फक्त कॉलेजचा का? मी टूर्नामेंट खेळायचे तेव्हा खेळण्याइतकाच वेळ सॉल्व्हरवर, म्हणजे डाव तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जायचा. हरलेले डाव लिहून काढायचे, दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने परत बघायचे. बटनवरून, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवरून, कुठल्या पत्त्यांनी रक्कम वाढवायची हे पाठ लागतं, पण का ते कळायला महिने जातात. हे लेक्चर, प्रॅक्टिकल, 75 टक्के हजेरी सांभाळून होत नाही. दोन डगरींवर हात ठेवून ना धड क्लास मिळतो, ना धड पोकर येतो. करायचं तर एक वर्ष पूर्ण द्या, नाहीतर छंद म्हणा आणि सोडा.

परळचा_पोर

घर आहे हेच माझं भांडवल आहे, मी कुठे नाकारतोय? उलट माझा मुद्दाच तो आहे. मुंबईत घर असलेला पोरगा ते सोडून पणजीत भाड्याने राहायला गेला की पहिल्याच महिन्यात त्याचं भांडवल निम्मं होतं.

एक वर्ष पूर्ण द्या म्हणतेस, पण एका वर्षात समोरासमोर किती डाव होणार? पस्तीस-चाळीस हजार. ऑनलाइनला चार टेबलं लावून हे दीड-दोन महिन्यांत व्हायचं. एवढ्या डावांवर माणूस खरंच चांगला आहे की नुसता सुदैवी, हे छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे वर्षही जाईल आणि उत्तरही मिळणार नाही.

रिव्हरराणी

हे मात्र पटलं. अ‍ॅप्स बंद झाल्यावर शिकण्याचा वेग मेला, हे खरं नुकसान. पैशाचं नुकसान सगळे मोजतात.

विक्रोळीची_आई

माझा मुलगा खेळतो, म्हणून लिहिते. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं. मी पिंप भरत असते तेव्हा हा घरी येतो. चपला रॅकमध्ये ठेवल्या की जिंकलाय, दारातच उडवल्या की हरलाय. मला विचारावं लागत नाही. मग दुपारी दोनपर्यंत झोप. घरात मिक्सर लावायचा नाही, शेजारच्या बाळाने रडायचं नाही.

जिंकला की बापाला घड्याळ, मला साडी, बहिणीला फोन. आणि तेरा-चौदा तारखेला माझ्याकडेच सिलेंडरचे पैसे मागायला हजर. शेवटी मी सांगितलं, साडी नको. एक तारखेला ठरलेली रक्कम माझ्या खात्यात टाक, जिंकलास तरी तेवढीच, हरलास तरी तेवढीच. ज्या महिन्यात नाही जमणार त्या महिन्यात खेळ बंद. तेव्हापासून रात्री कमी झाल्या, कारण उरलेल्या पैशात मोठ्या टेबलावर बसता येत नाही.

तुमचं गणित मला कळत नाही, पण लग्नाच्या बाजारात मुलगा काय करतो म्हणून विचारलं की मी कॉम्प्युटरचं काहीतरी सांगते. हे किती दिवस सांगायचं?

हिशोबनीस

काकू, तुम्ही जे केलंत त्याला पगार म्हणतात. धंदा करणाऱ्याने स्वतःला ठरलेला पगार द्यावा आणि बाकी धंद्यात ठेवावा, हे मी दुकानदारांना सांगून थकलो. ऐकत नाहीत.

निवांत_नाना

आईचा प्रश्न सोडून पगारावर आलात. तो पोरगा चोवीस तासांतले जागे तास चार माणसांच्या खिशाकडे बघत घालवतो. हरणाऱ्यांत कोणीतरी घरी सिलेंडरचे पैसे न देता आलेला असतो. तुमच्या 5 ब्लाइंडमध्ये तो कुठे बसतो?

रिव्हरराणी

नाना, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः यावर फार विचार करत नाही, केला तर खेळता येणार नाही.

मूळ मित्रावर येऊया. पैसे स्वतःचे आहेत की कोणी स्टेक करतंय, म्हणजे खेळायला पैसे पुरवतंय?

परळचा_पोर

एकजण तयार आहे. बाय-इन, म्हणजे टेबलावर बसायची रक्कम, तो देणार, नफा निम्मा-निम्मा, तोटा झाला तर पुढच्या नफ्यातून आधी तो भरून काढायचा.

हिशोबनीस

सावकारी.

रिव्हरराणी

सावकारी नाही, सोडून गेलात तर सहसा तोटा त्याचाच. पण दोन-तीन लाख मेकअप, म्हणजे भरून काढायचा तोटा, चढला की खेळाडू फुकट राबतो आणि मग वेड्यासारखा खेळायला लागतो, हे बघितलंय. मित्राचे स्वतःचे किती बाय-इन आहेत?

परळचा_पोर

बारा.

रिव्हरराणी

तीस-चाळीस तरी हवेत, तेही घरखर्च वेगळा ठेवून. बारा एका आठवड्यात जातात.

निवांत_नाना

आणि केट्या, म्हणजे अडकलेले विषय, किती?

परळचा_पोर

तीन. एक एम-थ्रीची.

निवांत_नाना

गणितातच!

हिशोबनीस

त्याला आधी परीक्षेचा फॉर्म भरायला सांगा. तारीख गेली की लेट फी लागते, तीही कशातून वजा होत नाही.