रात्री जागणाऱ्याने पहाटे धावावे काय?

सराफ्याचा शेजारी:
मला रात्री एकच्या आधी झोप येत नाही आणि सुटीच्या दिवशी नऊपर्यंत जाग येत नाही. तरीही मित्रांच्या आग्रहाखातर महिनाभर पहाटे साडेपाचला इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर धावायला जातो आहे. परतल्यावर तासभर काहीही खावेसे वाटत नाही. अकराच्या सुमारास मात्र पोह्यांच्या दोन प्लेट आणि वर जिलबी खाऊनही समाधान होत नाही, शिवाय पोटऱ्या तीन-तीन दिवस दुखतात. माझ्या देहघड्याळाला ही वेळ मानवत नाही काय? संध्याकाळी धावल्यास स्नायूंचा दाह (आतली सूज) आणि भूक आटोक्यात येतील काय?

माळवी:
पहाटेला दोष देण्याआधी झोपेचे तास मोजावेत. एक ते पाच हे चारच होतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत भूक चाळवणारे संप्रेरक घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले, तृप्ती कळवणारे संप्रेरक लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले आणि ओढ गोड व पिठूळ पदार्थांकडे वळली. आपल्या जिलबीचा उगम मला तेथे दिसतो. धावल्यानंतर भूक मरते, कारण जोरकस व्यायामाने घ्रेलिन काही काळ उतरते.

अक्षांश-रेखांश:
इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून साडेसहा अंशांहून अधिक पश्चिमेला असल्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे 26 मिनिटे मागे चालतो. म्हणजे आपले साडेपाच खरे पाहता पाचच. जानेवारीत तर सूर्योदय सातनंतर होतो, तेव्हा देहघड्याळ अलीकडे ओढणारा सकाळचा उजेडही आपल्याला धावताना मिळत नाही.

माळवी:
दाहाविषयी राहिलेच. काम करणारा स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-6 हे दाहाशी निगडित प्रथिन सोडतो आणि त्यामागोमाग दाहशामक इंटरल्युकिन-10 वाढते, म्हणून व्यायामानंतरची इंटरल्युकिन-6 ची वाढ अपायकारक समजू नये. पोटऱ्यांचे दुखणे बहुधा अंतर एकदम वाढवल्याचे असावे. वेळ बदलून ते जाणार नाही. आपल्यासारख्याने संध्याकाळी सातला धावावे, झोपेआधीचा तास मात्र मोकळा ठेवावा. भूक तरीही लागेलच, कारण देहघड्याळाच्या हिशेबाने ती मुळातच रात्री आठच्या सुमारास सर्वाधिक असते.

सराफ्याचा शेजारी:
आभारी आहे. सोमवारपासून सातला जाईन. परतताना सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातूनच यावे लागते आणि तोवर तेथे भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढलेल्या असतात, त्यामुळे निघण्याआधीच घरी काहीतरी खाऊन घेण्याचा विचार आहे.