पॉल झिल्स राहिलाच की!
मुंबईतले माहितीपट म्हणजे १९४८ची फिल्म्स डिव्हिजन (सरकारची माहितीपट संस्था), हे कुणी मांडलेलं समीकरण काही पटलं नाही. पॉल झिल्सला विसरलात राव! माहितीपट करणारा जर्मन माणूस, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी भारतात नजरकैदेत ठेवलेला. सुटल्यावर मायदेशी न परतता मुंबईत बस्तान बसवलं. माहितीपटकार फली बिलिमोरियांना घेऊन 'डॉक्युमेंटरी युनिट इंडिया' हे निर्मिती युनिट चालवलं, 'इंडियन डॉक्युमेंटरी' हे नियतकालिकही काढलं. बर्मा-शेलसाठी पट केले (तेलकंपनीच्या पैशावर लोकजीवनाचं चित्रण, आहे ना गंमत?). पण त्या काळी थिएटरात सिनेमाआधी सक्तीने दाखवायची रीळ फिल्म्स डिव्हिजनची, तीही पब्लिक वडे संपवून आत येईतो निम्मी उलटलेली. त्यात खासगी निर्मात्याला कोण विचारणार होतं! पन्नाशीच्या दशकाअखेर स्वारी जर्मनीला परतली. बिलिमोरिया मात्र इथेच राहिले, पुढे ऑस्कर नामांकनापर्यंत पोचले.