मदत हवी आहे: रिस्टोअर केलेली लाकडी शिडाची बोट गळतेय, सांध्यांत काय भरू?

पश्चिमवारा
घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. बोट शनिवारी क्रेनने पाण्यात उतरवली, तेव्हापासून गळतेय. बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) सारखा चालू. नुकतीच पूर्ण रिस्टोअर केलेली बोट आहे, बऱ्याच बरगड्या नव्या, रंग-वॉर्निश नवं. इतकं पाणी यायला नको. क्रेन गुरुवारी सकाळी मिळतेय, ती हुकली की पुढचे दोन आठवडे नाही. बाहेर काढून सांध्यांत सिकाफ्लेक्स (ट्यूबमधला रबरी सीलंट) भरायचा विचार आहे. किती ट्यूब लागतील? की दुसरं काही चांगलं आहे? "लाकूड फुगेल, थांबा" हे कृपया सांगू नका, यार्डवाल्याचं तेवढंच पालुपद चालू आहे.

मचवा
कोणती बोट? फळ्या काठाला काठ लावून बसवल्यात की कौलांसारख्या एकीवर एक चढवल्यात? लाकूड कोणतं, बोट कुठे आहे, उतरवण्याआधी किती काळ कोरड्यात होती आणि ती जागा कशी होती? पाणी तासाला किती लिटर? शनिवारपेक्षा कमी की जास्त? खारं की गोडं? यातलं काहीच न सांगता ट्यूबचा आकडा विचारताय.

तांडेल_अलिबाग
सिकाफ्लेक्स-बिकाफ्लेक्स राहू द्या. कापूस ठोका. फट बाहेरून २-३ मिमी उघडी आणि आत मिटलेली असायला हवी. जुनी लांबी (पुट्टी) पूर्ण खरवडून काढा. कापसाची सैल पिळाची वात घ्या, बोथट छिन्नीने लहान लहान लूप करत आत बसवा, फळीच्या जाडीच्या निम्म्याच्या आत ती थांबली पाहिजे. मग दुसऱ्या फेरीत ठोकून घट्ट करा. लाकडी हातोड्याचा आवाज बद्द येतो तोवर कापूस सैल आहे, खणखणीत यायला लागला की पुढे सरका. वरून प्रायमर, मग लांबी. कोकणात चंद्रूस (राळ) आणि तेल घोटून लावायचे, तेही उत्तम. फटीतून कापूस आत बोटीत डोकावला तर फट जास्त रुंद झालीये असं समजा.

पश्चिमवारा
फोकबोट आहे, लहान शिडाची बोट. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला. पाईनच्या फळ्या, ओकच्या बरगड्या, साठच्या दशकातली. पाणी बरंच येतंय, मोजलेलं नाही. तांडेल, कापूस इथे कुठे मिळेल बघतो.

तांब्याची_खिळी
नका बघू! फोकबोट म्हणजे क्लिंकर, फळ्या कौलांसारख्या एकीवर एक. तांडेल सांगताहेत ते कार्व्हेलचं, म्हणजे काठाला काठ लावलेल्या फळ्यांचं काम आहे आणि त्यासाठी अगदी बरोबर आहे, पण क्लिंकरच्या सांध्यात कापूस ठोकलात तर छिन्नी पाचर होऊन दोन फळ्या उकलेल आणि रिव्हेट ओढले जातील.

क्लिंकरचा सांधा कोरडाच असतो. वरची फळी खालच्या फळीवर साधारण दोन सेंटिमीटर चढते. त्या पट्टीतून तांब्याचा चौकोनी खिळा आरपार जातो, आतून त्यावर खोलगट चकती बसवतात, टोक छाटतात आणि ठोकून बसवतात. बोट पाण्यात गेली की फळी जाडीलाही फुगते, खिळा जागचा हलत नाही, म्हणून सांधा स्वतःच आवळतो. तिथे कोरड्या लाकडात काहीही चिवट किंवा कडक भरलं की फुगणाऱ्या फळीला जायला जागा नाही. मग फळी कडेला रिव्हेटच्या रांगेत चिरते, नाहीतर बरगडी मोडते. तुमच्या नव्या बरगड्यासुद्धा.

ट्यूब: शून्य.

इपॉक्सीप्रेमी
एवढा जुना जमाना कशाला? बाहेरून इपॉक्सी आणि काचेचं कापड चढवा, गळतीचा विषयच संपला. आपल्या नौदलाची शिडाची बोट म्हादेई कशाची आहे? लाकडाच्या पट्ट्या, इपॉक्सी, काचकापड. दिवार बेटावर बांधली आणि जगाला प्रदक्षिणा घालून आली.

तांब्याची_खिळी
म्हादेई पहिल्या दिवसापासून तशीच बांधली आहे. सुकलेल्या सीडरच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी सील, लाकूड हलतच नाही. साठ वर्षं पाण्यात-बाहेर हललेल्या पाईनवर एकाच बाजूने कापड लावलं की ओल आतल्या बाजूने शिरणार, बाहेर पडायला वाट नाही, आणि कापडाखाली फळ्या कुजणार. शिवाय क्लिंकरच्या प्रत्येक पायरीवर कापड वाकवायचं कसं, ते सांगा.

इपॉक्सीप्रेमी
पायरीवर फिलेट, म्हणजे कोपऱ्यात इपॉक्सीची गोलाई, मारायचं. लोक करतात.

मचवा
लोक करतात आणि मग ती बोट स्वस्तात विकायला निघते. असो. पश्चिमवारा, माझे बाकीचे प्रश्न तसेच आहेत. आधी कुठे होती ही बोट?

पश्चिमवारा
काम चालू असताना यार्डच्या हॉलमध्ये. दोन हिवाळे. गरम हॉल होता, रंग वाळावा म्हणून. त्याचा काय संबंध?

मचवा
सगळा संबंध तिथेच आहे. हिवाळ्यात तिथली बाहेरची हवा आत घेऊन २० अंशांवर तापवली की आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते. त्या हवेत लाकडातला ओलावा ६-७ टक्क्यांवर उतरतो. बिनगरम शेडमध्ये हीच बोट १६-१८ टक्क्यांवर राहिली असती. पाईनची १२० मिमी रुंदीची फळी तेवढ्या फरकात दोन-अडीच मिमी आकसते. म्हणजे तुमची बोट नेहमीच्या वसंतातल्या बोटींपेक्षा खूप कोरडी होऊन पाण्यात गेली. यार्डवाल्याचं "थांबा" चूक नाही, पण नेहमीच्या दोन-तीन दिवसांऐवजी आठवडा-दहा दिवस धरा. उतरवण्याआधी आतून ओली पोती अंथरायला हवी होती. पाण्याने बोट भरायची नाही, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते फळ्यांना बाहेर ढकलतं.

आता मोजा. बिल्ज स्पंजने कोरडं करा, एक तास थांबा, निघेल ते पाणी १० लिटरच्या बादलीने मोजा. सकाळ-संध्याकाळ. दुसरं, कॉकपिटवर (मागच्या उघड्या बसायच्या जागेवर) ताडपत्री घाला. मूळ नॉर्डिक फोकबोटीच्या कॉकपिटचं पाणी बाहेर जात नाही, सरळ बिल्जमध्ये उतरतं. पावसाचं पाणी गळती म्हणून मोजाल.

नवखा_दर्यावर
वॉर्निशचे किमान सहा हात द्या, पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ करा. प्रत्येक हातानंतर २४० नंबरचा पॉलिशपेपर.

तांडेल_अलिबाग
@नवखा, ते बुडतंय बिचारं आणि तुम्ही पॉलिश करताय.

गप्पांचा_धक्का
अवांतर: लाकूड टिकवायचं तर साग. १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत बांधलेली त्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. आणि हल्लीची कौंडिण्य बघा, खिळाच नाही, काथ्याने शिवलेली. गोव्यात बांधली, २०२५ साली कारवारला नौदलात आली. तुमची पाईनची बोट म्हणजे खेळणं.

तांब्याची_खिळी
पहिली फोकबोट १९४२ साली याच गोथेनबर्गला पाण्यात उतरली, युद्धाच्या धामधुमीत. तिच्या आराखड्यासाठी स्पर्धा घेतली होती, सामान्य माणसाला परवडावी हाच तिचा उद्देश होता, म्हणून पाईन. लांबी साडेसात मीटरच्या वर, वजन दोन टनांच्या किंचित आत, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या लोखंडी कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड कण्यात. १९६० मध्ये अटलांटिक एकट्याने पार करायच्या पहिल्या शर्यतीत ब्रिटिश दर्यावर्दी हॅस्लर फोकबोटीवरून बेतलेली जेस्टर घेऊन दुसरा आला होता. खेळणं म्हणे.

गप्पांचा_धक्का
जेस्टर कार्व्हेल होती, आणि शीड चिनी जंकचं. तुमच्याच मुद्द्याला छेद.

तांब्याची_खिळी
म्हणून "बेतलेली" लिहिलंय. हलके घ्या.

पश्चिमवारा
मोजलं. काल संध्याकाळी ताशी ३५ लिटर, आज सकाळी ३०, आत्ता ३०. चव घेतली, खारं वाटत नाही. म्हणजे पावसाचं?

मचवा
नदीच्या मुखाशी उभी आहे का? गोथेनबर्गच्या योता (Göta) नदीचं गोडं पाणी तिथे वर तरंगतं, तुमची बोट बहुतेक त्यातच आहे. चवीवरून काही ठरणार नाही. ताडपत्री घातली होतीत?

आकडे आधी उतरले आणि मग अडले, ही चांगली खूण नाही. फुगण्यामुळे थांबणारी गळती हळूहळू सगळीकडून कमी होत जाते. एका जागी अडली म्हणजे एक वेगळी वाट आहे. ती शोधा. तळफळ्या काढा, बिल्ज अगदी कोरडं करा, कापडाने पुसा. मग कीलच्या दोन्ही बाजूंना आणि सगळ्यात खालच्या फळीच्या सांध्यावर चाळणीने मैदा भुरभुरवा. पाणी जिथून येईल तिथे मैद्यात रेघ उमटते. रेघेच्या वरच्या टोकाला बघा, खाली जिथे साचतं तिथे नव्हे. टॉर्च तिरपी धरा.

तांडेल_अलिबाग
तोवर लाकडाचा बारीक भुसा वापरा. लांब काठीला डबा बांधा, त्यात भुसा भरून पाण्याखाली उपडा धरा आणि गळतीच्या फटीजवळ न्या. पाणी ओढलं जातं त्यासोबत भुसा फटीत बसतो आणि फुगतो. पंपाच्या जाळीवर मात्र लक्ष ठेवा, तुंबते.

इपॉक्सीप्रेमी
पंप कोणता आणि बॅटरी किती? किनाऱ्यावरची वीज जोडली आहे का? ५०० गॅलनचा पंप म्हणजे डब्यावर ताशी १९०० लिटर लिहिलेलं असतं, पण पाणी मीटरभर वर चढवताना निम्मंच धरा. ३० लिटरला तो पुरून उरतो. प्रश्न फ्लोट स्विचचा असतो, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणाऱ्या बटणाचा. कचऱ्यात अडकून वरच राहिला तर पंप अखंड चालतो आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी एक-दीड दिवसात उतरते. हातपंप तयार ठेवा.

पश्चिमवारा
वीज जोडली आहे. मैद्याचा प्रयोग केला. फळ्यांचे सांधे बहुतेक कोरडे, सगळ्यात खालच्या फळीला पुढे थोडी ओल. पण मागून दुसऱ्या कील बोल्टच्या (कील बोटीला धरून ठेवणाऱ्या) वॉशरभोवती पाणी झिरपतंय, तिथून जाड रेघ. वॉशरखालचं ओक काळं पडलंय. गुरुवारी आता काय करायचं ते नीट सांगा, हा नट आवळून टाकू का?

तांब्याची_खिळी
आवळू नका. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की लाकूड काळं पडतं. ते जुनं असू शकतं, पण पाणी येतंय म्हणजे बोल्टभोवती वाट आहे. आतून टोच्याने लाकूड तपासा, वॉशरभोवती टोक सहज शिरलं तर लाकूडच गेलंय. बोल्ट मधे बारीक झालेला असेल तर आवळताना तुटेल, आणि मग आत्ता ३० आहेत त्याचे ३०० लिटर होतील. रिस्टोअर करताना बोल्ट बाहेर काढून पाहिले होते का?

पश्चिमवारा
यार्डच्या बिलात कील बोल्टचा उल्लेख नाही.

मचवा
म्हणजे पाहिले नाहीत. गुरुवारची क्रेन सोडू नका, पण बोट दोन आठवडे बाहेर उन्हात ठेवू नका, पुन्हा सुकेल. सकाळी उचला, लाकडी ठोकळ्यांवर कीलचं वजन घ्या, त्या बोल्टच्या खाली मोकळी जागा ठेवा. नट काढा, वर ठोकताना खराब झाला तरी चालेल असा जुना नट लावून बोल्ट खाली ठोकून बाहेर काढा. बाकीचे बोल्ट तसेच. संध्याकाळी त्याच क्रेनने परत पाण्यात. क्रेनवाल्याशी दोन्ही वेळा आत्ताच ठरवा.

तांडेल_अलिबाग
आणि बोल्ट परत घालताना वॉशरखाली कापूस! पाइन टारमध्ये (पाईनच्या लाकडाच्या डांबरात) भिजवलेल्या कापसाची अंगठी, बोल्टभोवती दोन-तीन वेढे, मग वॉशर, मग नट. खाली लोखंडाच्या तोंडाशीही तशीच एक.

तांब्याची_खिळी
इथे तांडेल शंभर टक्के बरोबर. कापूस इथेच हवा. नट आकड्याने नाही, नजरेने आवळा. वॉशर बसला, टार सगळीकडून सारखं बाहेर आलं की थांबा. लाकूड कोरडं असताना जोर लावला तर फुगल्यावर वॉशर ओकमध्ये रुततो. आठवड्याने पाव फेरा.

गप्पांचा_धक्का
ही बोट साधारण केवढ्याला पडली?

पश्चिमवारा
गुरुवारचं काम झालं. बोल्ट मधल्या भागात चांगलाच खाल्ला गेलाय, टोकांना ठीक. नवा नव्हता, म्हणून तात्पुरता जुनाच कापूस-टार लावून बसवला, नट हलकाच ठेवलाय. आज ताशी ४ लिटर. ओकमध्ये टोच्या शिरला नाही. सगळेच बोल्ट बदलायचे ठरवलंय, स्टेनलेसचे मिळतात इथे, ३१६ ग्रेड. घेऊ ना?

तांब्याची_खिळी
नको. ओल्या ओकमध्ये, जिथे हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेस नेमकं मधेच खड्डे पडून खातं, आणि बाहेरून दोन्ही टोकं चकचकीत दिसतात. कील लोखंडी आहे, त्यामुळे ब्राँझ तर नकोच, ते कीललाच खाईल. गरम जस्तात बुडवलेले पोलादी घ्या. आटे बुडवल्यानंतर पुन्हा साफ करून घ्यायला सांगा, नाहीतर नट चढत नाही. हिवाळ्यात बोट बाहेर असताना एक-एक करून बदला, दोन शेजारचे एकाच वेळी काढू नका.

मचवा
आणि तो हिवाळा बिनगरम शेडमध्ये. यार्डला लेखी द्या.

नवखा_दर्यावर
सहा हातांऐवजी आठ दिले तर जास्त चकाकी येते.